लॅपटॉपची बॅटरी फुगली आहे, बिल कोल्हापूरचे आणि घर निपाणीत: रिकॉलचा लाभ मिळेल का?

निपाणीचा मास्तर यांनी विचारले:

सर्व सभासदांना नमस्कार. मी निपाणीत राहणारा निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. धाकट्या मुलाने २०१७ मध्ये शिक्षणासाठी कोल्हापुरातून घेतलेला लॅपटॉप तो नोकरीला लागल्यापासून माझ्याकडे आहे आणि मी त्यावर वर्तमानपत्रे वाचतो, क्वचित बँकेचे काम करतो. गेल्या महिन्यापासून त्याचे टचपॅड दाबले जाईना. धूळ गेली असेल असे मी समजलो. परवा झाकण मिटले तर ते पुढच्या बाजूने नीट बसेना, आणि टेबलावर ठेवल्यावर लॅपटॉप पाटासारखा स्थिर न राहता मधल्या भागावर डुलू लागला, तेव्हा त्याचे पोट फुगले आहे हे माझ्या ध्यानात आले.

जवळच्या दुरुस्तीच्या दुकानात दाखवला असता, "गुरुजी, बॅटरीत गॅस धरलाय, टाचणीने बारीक भोक पाडून काढतो, अजून वर्षभर चालेल; नाहीतर बाराशे रुपयांत दुसरी बसवून देतो," असे सांगण्यात आले. भोक पाडण्यास माझे मन धजावले नाही, म्हणून लॅपटॉप परत आणला. मुलाचे म्हणणे असे की, या कंपनीने मागे काही लॅपटॉपच्या बॅटऱ्या आगीच्या धोक्यामुळे परत मागवल्या होत्या, म्हणजे रिकॉल केल्या होत्या, आणि आपला लॅपटॉप त्यात असेल तर बॅटरी विनामूल्य बदलून मिळेल. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण आपला लॅपटॉप त्या यादीत आहे की नाही हेच मला अजून ठाऊक नाही.

माझी अडचण अशी की, बिल महाराष्ट्रातले आहे आणि आम्ही कर्नाटकात राहतो. येथील दुकानदार म्हणतो कोल्हापूरला जा, आणि कोल्हापूरचे दुकान तर बंद होऊन तीन वर्षे झाली. अशा वेळी दाद कोणाकडे मागावी? शिवाय लॅपटॉप परत मागवलेल्यांपैकी आहे हे ओळखावे कसे, आणि तोवर तो घरात ठेवणे सुरक्षित आहे का? सध्या मी तो बंद करून लाकडी कपाटात, पुस्तकांच्या कप्प्यात ठेवला आहे.

दुरुस्तीवाला बेळगाव यांचे उत्तर:

गुरुजी, हे वाचत असाल तर आधी उठा आणि तो लॅपटॉप पुस्तकांच्या कप्प्यातून बाहेर काढा. बाकीचे उत्तर नंतर वाचले तरी चालेल.

फरशी असलेल्या, छत असलेल्या पण हवा खेळत्या जागी, म्हणजे पडवीत किंवा मागच्या मोकळ्या सज्जावर, लोखंडी घमेल्यात कोरडी वाळू पसरून त्यावर तो ठेवावा. जवळपास पडदे, रद्दी, गॅसची टाकी असे काही नसावे. घट्ट झाकणाच्या डब्यात मात्र कोंडू नये, कारण सेल फुटला तर निघणाऱ्या वायूला वाट हवी. "फक्त फायली उतरवून घेतो" म्हणून एकदाही चार्जर जोडू नका. आमच्याकडे आलेल्या फुगलेल्या बॅटऱ्यांची कथा बहुतेक वेळा याच एका शेवटच्या चार्जिंगपाशी येऊन बिघडलेली असते. फायली हार्ड डिस्क वेगळी काढूनही मिळतात.

आता टाचणीविषयी. मी अठरा वर्षे मोबाइल व लॅपटॉप दुरुस्तीचे काम करतो आणि हा सल्ला देणारे लोक आमच्या व्यवसायात आहेत, याची मला लाज वाटते. लॅपटॉपच्या चपट्या सेलमध्ये ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर धातूच्या ऑक्साइडचा लेप असलेले धनाग्र, तांब्याच्या पत्र्यावर ग्रॅफाइटचा लेप असलेले ऋणाग्र, आणि दोहोंच्या मध्ये प्लास्टिकचा सच्छिद्र पडदा, ज्याला सेपरेटर म्हणतात, अशा घड्या एकावर एक दाबून बसवलेल्या असतात. हा पडदा आपल्या डोक्याच्या केसाहूनही पातळ असतो. या सर्वांत भिनलेले द्रव इलेक्ट्रोलाइट पेट्रोलसारखेच ज्वालाग्राही असते, आणि त्याचेच विघटन होऊन जो वायू साठतो त्यामुळे पिशवी फुगते. टाचणी वायूपर्यंत जाऊन थांबत नाही. ती पडद्यातून आरपार जाते, धन आणि ऋण पत्रे एकमेकांना भिडतात, आणि सेलमध्ये साठलेली सगळी ऊर्जा त्या एका ठिपक्यातून उष्णतेच्या रूपाने बाहेर पडू लागते.

माझ्या दुकानात हे घडलेले आहे. नव्या मुलाने एका मोबाइलची चिकटवलेली बॅटरी स्क्रूड्रायव्हरने उचकटली. आधी फुस्स असा आवाज झाला, मग पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर निघाला, आणि मी वळून पाहीपर्यंत जाळ हातभर वर गेला होता. तो मोबाइल वाळूच्या बादलीत ढकलला म्हणून निभावले, पण काउंटरवरचा काळा डाग अजून आहे आणि मी तो मुद्दाम घासून काढलेला नाही. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात, म्हणून घरात असे काही झालेच तर धूर हुंगत उभे राहू नका, माणसे बाहेर काढा आणि १०१ किंवा ११२ ला कळवा.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. बॅटरी फुगली म्हणजे ती रिकॉलमधलीच असते असे नाही. आपल्याकडे हेस्कॉमची वीज, विशेषतः पावसाळ्यात, केव्हा जाईल याचा भरवसा नसल्यामुळे लॅपटॉप दिवसभर चार्जरला जोडून ठेवण्याची सवय सर्वांना आहे. सतत शंभर टक्के भरलेली आणि त्यातच गरम राहणारी बॅटरी सात-आठ वर्षांत फुगणे हे वयाचेही लक्षण असते. पण फुगलेली बॅटरी वयाने फुगली की दोषाने, याने तुम्ही आज करायच्या गोष्टी बदलत नाहीत.

उद्यमबाग यांचे उत्तर:

दुरुस्तीवाले दादांनी तातडीचे सांगितले आहे, म्हणून मी रिकॉलविषयी लिहितो. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मी चाचणी विभागात आहे आणि हा विषय माझ्या रोजच्या कामाच्या जवळचा आहे.

रिकॉल हा शब्द ऐकला की लोकांना वाटते, त्या कंपनीचा सगळाच माल खराब. वस्तुतः रिकॉल होतो तो बहुधा एका ठरावीक काळात, एका ठरावीक पुरवठादाराने बनवलेल्या मालाचा. आपल्यापैकी अनेकांना २००७ चा ऑगस्ट आठवत असेल. नोकियाने बीएल-५सी या बॅटरीविषयी सूचना काढली तेव्हा मी पदविकेला होतो आणि आमच्या वसतिगृहात मुले रात्री मोबाइल खोलीबाहेर ठेवून झोपत असत. भीती अशी पसरली होती की जणू प्रत्येक नोकिया हा हातबॉम्बच. प्रत्यक्षात त्या प्रकारच्या ३० कोटींहून अधिक बॅटऱ्या निरनिराळ्या पुरवठादारांनी बनवल्या होत्या, आणि सूचना होती ती मात्सुशिता या जपानी कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांपुरती. बॅटरी काढून मागचा २६ अक्षरांचा क्रमांक तपासला की आपली बॅटरी त्यात आहे की नाही ते कळत असे. आमच्या खोलीतल्या चौघांपैकी एकाची निघाली.

त्याच्या आदल्याच वर्षी, २००६ मध्ये, डेलने ४१ लाख आणि ॲपलने १८ लाख लॅपटॉप बॅटऱ्या परत मागवल्या होत्या. दोन्हींचे सेल सोनीचे होते; तीच सोनी, जिने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी प्रथम बाजारात आणली. दोष काय होता, तर निर्मितीच्या वेळी सेलमध्ये धातूचे अतिसूक्ष्म कण राहून गेले होते, आणि त्यांच्यामुळे आतल्या आत शॉर्ट सर्किट होण्याचा धोका होता. ज्या कंपनीने हे तंत्र जगाला दिले तिच्याच कारखान्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांनी घोटाळा केला, हे मी नव्या मुलांना कामावर घेताना नेहमी सांगतो.

सॅमसंगच्या गॅलक्सी नोट ७ चे प्रकरण याहून विलक्षण आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये तो बाजारात आला, सप्टेंबरच्या आरंभी सुमारे २५ लाख फोन परत मागवण्यात आले, दुसऱ्या पुरवठादाराची बॅटरी घालून बदली फोन देण्यात आले, आणि तेही पेटू लागल्यावर ऑक्टोबरमध्ये उत्पादनच बंद झाले. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानेही विमानात तो वापरण्यास तेव्हा मनाई केली होती. जानेवारी २०१७ मध्ये चौकशीचा निष्कर्ष आला तेव्हा दोन पुरवठादारांच्या बॅटऱ्यांत दोन वेगवेगळे दोष निघाले. एकात वरच्या कोपऱ्यात ऋणाग्र दुमडले जात होते, कारण पिशवीत त्याला पुरेशी जागाच नव्हती. दुसऱ्यात वेल्डिंगच्या जागी उरलेले धारदार टोक पडदा फाडत होते. म्हणजे दोष दोन, पण दोन्ही वेळा बळी गेला तो त्याच पडद्याचा, ज्याच्यातून गुरुजींच्या दुकानदाराला टाचणी घालायची होती.

एकदा शॉर्ट झाले की पुढचे सारे क्रमाने घडते. सेलचे तापमान शंभर अंशांच्या आसपास गेले की ग्रॅफाइटवरचा संरक्षक थर मोडतो, त्यातून आणखी उष्णता निघते, सुमारे १३० अंशांपुढे प्लास्टिकचा पडदा वितळू लागतो, आणि त्याहून वर गेल्यावर धनाग्रातील ऑक्साइड स्वतःच प्राणवायू सोडू लागते. यालाच थर्मल रनअवे म्हणतात. आगीला लागणारा प्राणवायू आतूनच मिळू लागल्याने घोंगडी टाकून ती कोंडता येत नाही, आणि एक सेल पेटला की त्याच्या उष्णतेने शेजारचा पेटतो.

गुरुजी, तुमच्या नेमक्या प्रश्नाचे उत्तर असे. लॅपटॉपच्या बुडाला छापलेला अनुक्रमांक, मॉडेल क्रमांक आणि, वाचता येत असेल तर, बॅटरीवरचा बारकोडखालचा क्रमांक हे तिन्ही लिहून घ्या आणि कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या तपासणीच्या पानावर भरा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या यादीवर विसंबू नका. ॲपलने जून २०१९ मध्ये मॅकबुक प्रो परत मागवले ते फक्त १५ इंची आणि मुख्यतः सप्टेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१७ मध्ये विकलेले. त्याच कंपनीचे बाकीचे लॅपटॉप त्यात नव्हते. लेनोव्होने फेब्रुवारी २०१८ मध्ये एक्स-वन कार्बनच्या पाचव्या पिढीतील जे लॅपटॉप परत मागवले त्यांत तर बॅटरी निर्दोष होती आणि आत एखादा स्क्रू सैल राहून तो बॅटरीला इजा करू शकत होता. एचपीने जानेवारी २०१८ मध्ये बॅटऱ्या परत मागवल्या तेव्हा त्या आतच बसवलेल्या असल्यामुळे ग्राहकाने काढायच्या नव्हत्या. त्याऐवजी बायोस, म्हणजे लॅपटॉप सुरू करणारी मूळ आज्ञावली, अद्ययावत केल्यावर बॅटरी स्वतःहून रिकामी होऊन पुन्हा भरली जाणार नाही आणि लॅपटॉप चार्जरवरच चालेल, अशी सोय दिली होती. अर्थात तुमची आधीच फुगलेली असल्यामुळे तो चालू करून असले काही करत बसू नका, क्रमांक तेवढा भरा. आणि क्रमांक लिहिताना इंग्रजी ओ आणि शून्य यांची गल्लत होते, तेव्हा "आढळला नाही" असे आले तर एकदा तेही पडताळून पाहा.

बाराशे रुपयांच्या बॅटरीविषयीही लिहिले पाहिजे. माझ्या मते रिकॉल ही चांगल्या व्यवस्थेची खूण आहे, कारण त्यासाठी कोणत्या दिवशी, कोणत्या कारखान्यात, कोणत्या घाण्यातून माल निघाला याची नोंद कोणीतरी ठेवलेली असावी लागते. वेष्टनावर नाव नाही, असलेच तर खोटे, अशा बॅटरीत उद्या दोष निघाला तर ती परत मागवणार कोण? तिच्यात दोष निघाल्याची बातमीसुद्धा होत नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या लिथियम बॅटरीला आयएस १६०४६ या मानकाखाली भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे आणि लेबलवर आर या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. बीआयएस केअर या ॲपमध्ये तो क्रमांक भरला की नोंदणी कोणत्या उत्पादकाची, कोणत्या वस्तूसाठी आहे ते दिसते. क्रमांक छापलेला असणे पुरेसे नाही, कारण दुसऱ्याचा क्रमांक उचलून छापणारेही आहेत. ॲपमधले नाव आणि लेबलवरचे नाव जुळले पाहिजे.

चिक्कोडीकर यांचे उत्तर:

चर्चा उपयुक्त आहे, परंतु एक महत्त्वाची गोष्ट कोणी लिहिली नाही. अशा आगीवर पाणी मुळीच टाकू नये. लिथियम पाण्यात पेटते, हे आम्ही शाळेत शिकलो आहोत. वाळू हाच उपाय आहे. बाकी माझा फवारणी पंप, हेडलाइट आणि दोन मोबाइल एकाच बोर्डवर रात्रभर चार्जिंगला असतात आणि दहा वर्षांत काही झालेले नाही, त्यामुळे फार घाबरून जाण्याचेही कारण नाही.

उद्यमबाग यांचे उत्तर:

चिक्कोडीकर अण्णा, शाळेत शिकलेले खरे आहे, पण ते लिथियम धातूविषयी आहे. चार्ज होणाऱ्या लिथियम-आयन सेलमध्ये लिथियम संयुगांच्या रूपात आणि ग्रॅफाइटच्या थरांत अडकलेले असते. शुद्ध धातू असलाच तर अत्यल्प. मोबाइल किंवा लॅपटॉपएवढ्या बॅटरीला आग लागली तर विमानातील कर्मचाऱ्यांनाही आधी ज्वाळा विझवून मग भरपूर पाणी ओतून ती थंड करण्यास शिकवले जाते. थंड करणे येथे महत्त्वाचे, कारण ज्वाळा विझल्या तरी आतली उष्णता शेजारच्या सेलला पेटवते आणि थोड्या वेळाने आग पुन्हा भडकते. वाळूने ज्वाळा पसरत नाहीत, परंतु उष्णता आत कोंडून राहते. कोरड्या पावडरच्या अग्निशामकाचेही तसेच. पाणी ओतण्याआधी मात्र चार्जर मुख्य बटणापासून बंद झालेला असावा, नाहीतर आगीऐवजी विजेचा धक्का पदरी पडेल.

फवारणी पंपाची बॅटरी पुष्कळदा शिसे-आम्ल प्रकारची असते, तेव्हा तिचा चार्जर लिथियमच्या बॅटरीला किंवा याचा तिला लावू नका, एवढे पाहा. लिथियम-आयनच्या नेहमीच्या सेलला ४.२ व्होल्टपुढे नेले की त्याचे आयुष्यही जाते आणि सुरक्षितताही.

दुरुस्तीवाला बेळगाव यांचे उत्तर:

पाण्याबाबत साहेबांचे बरोबर आहे. दुकानात मी वाळू वापरली, कारण काउंटरवर चालू सोल्डरिंगची वीज होती आणि हाताशी तीच होती. नंतर तो मोबाइल बाहेर नेऊन बादलीभर पाण्यात टाकला, तेव्हा कुठे तो थंड झाला.

शहापूरचा वकील यांचे उत्तर:

गुरुजी, राज्याच्या सीमेचा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. १९८६ च्या जुन्या ग्राहक कायद्यात तक्रार जेथे विक्रेता किंवा कंपनी आहे अथवा जेथे तक्रारीचे कारण घडले तेथेच करावी लागत असे, आणि त्यामुळे निपाणी, खानापूर, हुक्केरी भागातील माणसाला कोल्हापूरच्या खरेदीसाठी कोल्हापूरच्या फेऱ्या घालाव्या लागत. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाला आणि त्याच्या कलम ३४ नुसार तक्रारदार जेथे राहतो किंवा उपजीविकेसाठी काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडेही तक्रार करता येते. म्हणजे बिल कोल्हापूरचे असो की म्हापशाचे, तुम्ही बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकता. निपाणीहून कोल्हापूर जवळ आणि बेळगाव लांब, हा भाग वेगळा.

अर्थात आयोगाकडे जाण्याआधी कंपनीला लेखी कळवा. दुकान बंद झाले तरी उत्पादकाची जबाबदारी संपत नाही; सदोष उत्पादनामुळे इजा किंवा नुकसान झाल्यास उत्पादकाकडून भरपाई मागता यावी म्हणून याच कायद्यात स्वतंत्र प्रकरण आहे. तसेच केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला कलम २० खाली धोकादायक माल परत मागवण्याचा आणि खरेदीदारांना किंमत परत देण्याचा आदेश देण्याचा अधिकार आहे. पहिली पायरी म्हणून १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक पुरेसा आहे. तेथे मराठीतही बोलता येते आणि कन्नडमध्येही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते हे ध्यानात ठेवा, आणि आजच फुगलेल्या लॅपटॉपची चारी बाजूंनी छायाचित्रे, अनुक्रमांक व बिल यांची नोंद करून ठेवा. बॅटरी एकदा कोणी काढून फेकली की पुरावाही गेला.

खानापूरची वाचक यांनी विचारले:

गुरुजींच्या धाग्यात मध्येच प्रश्न विचारते, त्याबद्दल क्षमस्व. आमच्या घरी गेल्या वर्षी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. पावसाळ्यात ती अंगणात ठेवणे शक्य नसल्यामुळे यजमान ती सोप्यात घेतात आणि रात्री तेथेच चार्जिंगला लावतात. सोप्याच्या माळ्यावर भाताचे पिंजर आहे, आणि घराबाहेर पडण्याचे दारही तेच. वर लिहिलेले वाचून मला काल झोप लागली नाही. स्कूटरच्या बाबतीतही हेच सगळे लागू होते का?

उद्यमबाग यांचे उत्तर:

होय ताई, आणि अधिक प्रमाणात लागू होते. साध्या लॅपटॉपच्या बॅटरीत सुमारे ५० वॅट-अवर ऊर्जा असते. स्कूटरची बॅटरी ३ किलोवॅट-अवरची धरली तर एका जागी साठ लॅपटॉप ठेवल्यासारखे झाले. २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये पुण्यासह काही ठिकाणी स्कूटर पेटल्यानंतर ओला इलेक्ट्रिकने १,४४१, ओकिनावाने ३,२१५ आणि प्युअर ईव्हीने २,००० वाहने तपासणीसाठी परत मागवली होती. त्यानंतर केंद्र सरकारने एआयएस-१५६ हे अशा वाहनांच्या बॅटरीच्या सुरक्षिततेचे मानक कडक केले आणि ते डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. तुमची स्कूटर त्यानंतरची आहे, ही जमेची बाजू. यजमानांना विक्रेत्याकडून वाहनाचा चेसिस क्रमांक घेऊन रिकॉल किंवा सर्व्हिस मोहीम प्रलंबित आहे का, हे लेखी विचारण्यास सांगा.

पण मानक कितीही कडक असले तरी पिंजराखाली आणि बाहेर पडण्याच्या एकमेव दारात चार्जिंग नको. आग लहान असली तरी वाट अडली की माणसे आत अडकतात. गोठ्याच्या बाहेरच्या भिंतीला पत्र्याचे छोटे छप्पर काढून तेथे अर्थिंग असलेला स्वतंत्र पॉइंट बसवून घ्यावा. एक्स्टेंशनची वायर दारातून ओढून नेऊ नये, आणि गाडी घाटातून चढून आल्यावर बॅटरी गरम असताना लगेच चार्जर लावू नये. अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा. रात्रभर लावण्याऐवजी संध्याकाळी, घरातले जागे असताना लावली तर काही वास आला, चटचट आवाज झाला तरी कोणाच्या तरी लक्षात येईल.

खानापूरची वाचक यांचे उत्तर:

आपण लिहिलेले यजमानांना वाचून दाखवले. छपराला वेळ लागेल, पण पिंजर आजच मागे हलवले आहे आणि स्कूटर सासूबाईंच्या हुकमाने सोप्याबाहेर गेली आहे.

निपाणीचा मास्तर यांचे उत्तर:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बारा दिवसांनी लिहीत आहे, कारण सांगण्यासारखे आधी काही नव्हते.

दुरुस्तीवाल्यांचे उत्तर वाचल्यावर लॅपटॉप त्याच रात्री घमेल्यात, मागच्या दारच्या पायरीवर गेला. अनुक्रमांक मुलाने भरला. पहिल्यांदा "आढळला नाही" असे आले, आणि खरोखरच मी ओच्या जागी शून्य लिहून दिले होते. दुरुस्त करून भरल्यावर उत्तर आले की हा लॅपटॉप परत मागवलेल्यांपैकी नाही. त्यामुळे विनामूल्य बॅटरीची आशा संपली. कंपनीच्या ग्राहक सेवेने सुरुवातीला बिलावरचा पत्ता पाहून "महाराष्ट्रातील केंद्राशी संपर्क साधा" एवढेच सांगितले, तेव्हा मी वकीलसाहेबांच्या उत्तरातील कलम क्रमांक घालून ईमेल लिहिला आणि १९१५ वरही नोंद केली. चौथ्या दिवशी फोन आला. कुरिअरने फुगलेली बॅटरी स्वीकारत नाहीत आणि बसने नेऊ नये असे त्यांचेही म्हणणे पडले. शेवटी पुतण्याच्या उघड्या टेम्पोतून, पत्र्याच्या पेटीत वाळूवर ठेवून, लॅपटॉप त्यांच्या अधिकृत केंद्रात पोहोचवला. बॅटरी काढून त्यांनी ठेवून घेतली; नवी मागवली आहे आणि तिची किंमत बाराशेच्या साडेतीनपट आहे. बिलावर बॅटरीचा क्रमांक लिहून देण्याची विनंती केली, ती मान्य झाली.

या निमित्ताने घरातील बाकीच्या वस्तू पाहिल्या. नातवाला जत्रेत घेऊन दिलेल्या पॉवर बँकेवर क्षमता वीस हजार एमएएच लिहिली आहे आणि हातात घेतल्यावर ती खेळण्यासारखी हलकी लागते. तिच्यावर नोंदणी क्रमांक होता, म्हणून तो बीआयएस केअरमध्ये भरला, तर नोंदणी निघाली एका वेगळ्याच कंपनीच्या एलईडी दिव्यांसाठीच्या वस्तूची. ती पॉवर बँक आता लॅपटॉपच्या रिकाम्या झालेल्या घमेल्यात आहे. नगरपालिकेच्या कचरा गाडीत टाकावी का, असे विचारले तर गाडीवाला घ्यायला तयार आहे, पण मलाच धीर होत नाही.

दुरुस्तीवाला बेळगाव यांचे उत्तर:

गुरुजी, कचरा गाडीत नको. मागे कचरा दाबताना ती चेपली तर गाडीच पेटेल. भंगारवाल्यालाही देऊ नका, तो तांब्यासाठी फोडेल. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, पण तुमच्या पॉवर बँकेचा उत्पादक कोण हेच ठाऊक नसल्यामुळे त्या वाटेने जाता येणार नाही. तिच्या चार्जिंगच्या तोंडांवर इन्सुलेशन टेप चिकटवा आणि पुतण्याचा टेम्पो बेळगावला येणार असेल तेव्हा वाळूसह पाठवून द्या. आमच्याकडे जमलेल्या बॅटऱ्या दर तीन महिन्यांनी अधिकृत पुनर्चक्रीकरणवाल्याची गाडी येऊन नेते, त्यांच्या ड्रममध्ये टाकीन. येण्याआधी फोन करायला सांगा, सोमवारी दुकान बंद असते.